बोलका डबा

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक एकच तक्रार घेऊन येतं: आवाज येत नाही. रेडिओचा येत नाही, मशिदीच्या भोंग्याचा येत नाही, गणपतीच्या मांडवातल्या लाउडस्पीकरचा येत नाही. पिंपरीत स्टेशनच्या अलीकडे माझं रेडिओ-लाउडस्पीकर दुरुस्तीचं दुकान होतं. ते बंद करूनही आता बरीच वर्षं झाली. आम्ही शिकलगार. वाडवडील साताऱ्याकडे तलवारींना धार लावायचे, तलवारी गेल्यावर विळ्या-कात्र्यांना. माझ्या हातात सोल्डरिंगची सळई आली. एकदा एक गृहस्थ 'बातम्या देणारा नाकात बोलतो' म्हणून रेडिओ घेऊन आले. मी उघडून पाहिला, काही सापडलं नाही. चार दिवसांनी बातम्या देणाऱ्याची सर्दी गेली आणि रेडिओ आपोआप बरा झाला. माझं नाव मात्र झालं.

अशी गिऱ्हाइकं पुष्कळ भेटली. पण दिवाळी अंकासाठी धंद्यातलं काही लिहा असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा डोळ्यांपुढे आले ते केरबा मोरे. चिखलीचे. फोर्ज शॉपमध्ये, म्हणजे तापलेलं लोखंड ठोकायच्या खात्यात, हॅमरवर होते. त्यांची मागणी माझ्या सबंध धंद्यात दुसऱ्या कुणी केली नाही.

आधी डब्याविषयी सांगायला हवं.

सत्तर सालानंतरचा तो काळ. मुंबई-पुणे रस्त्याच्या दोन्ही अंगांना कंपन्या उभ्या राहत होत्या, आणि प्रत्येक कंपनीत एक वाद्यवृंद. दिवसा लेथ चालवणारा संध्याकाळी बोंगो वाजवायचा. अशाच एका कंपनीत फ्रान्सिस म्हणून फिटर होता, मूळचा सावंतवाडीचा. गिटार चांगली वाजवायचा. कंपनीच्या क्लबात अ‍ॅम्प्लिफायर होता, पण तो काचेच्या व्हॉल्व्हचा. उचलायला दोन माणसं, तापायला पाच मिनिटं, आणि एक व्हॉल्व्ह गेला की महिनाभर पुण्याला बुधवार पेठेतल्या रेडिओच्या दुकानांत खेपा. फ्रान्सिस एके दिवशी दुकानात येऊन म्हणाला, "इक्बालभाई, मला एक डबा करून द्या. सायकलच्या कॅरिअरवर बसला पाहिजे, स्टेजवर चालला पाहिजे, आणि खोलीत वाजवला तर शेजारचा उठता कामा नये."

"शेजारचा कोण?"

"तिसऱ्या पाळीचा आहे. दिवसा झोपतो. परवा लाटणं घेऊन आला होता."

मी त्याला ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर करून दिला. व्हॉल्व्ह म्हणजे काचेच्या आत पेटलेली तार. ती तापल्याशिवाय काम करत नाही आणि तिला करंट लागतो तो माणूस मारणारा. ट्रान्झिस्टरमध्ये यातलं काही नाही. आत स्फटिकाचा एक भरीव कण, बाहेर चपट्या टोपीसारखं कवच, आणि चालतो ट्रकच्या बॅटरीवर. गिटारच्या तारेतून येणारा आवाज इतका बारीक असतो की तो आहे हेही कळू नये. या कणातून गेला की तोच आवाज खोली भरतो. मी असे शेकडो ट्रान्झिस्टर जोडले असतील, पण पहिला सूर निघाला की दर वेळी मला हे खरं वाटायचं नाही.

कंपन्यांमध्ये परदेशी मशीनं यायची ती पाइनच्या खोक्यांतून. त्याच फळ्यांचा डबा केला, आठ इंची स्पीकर बसवला, मागे अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या लावल्या. ट्रान्झिस्टरला पेटायला लागत नाही, पण काम करताना तो तापतो. त्याची उष्णता या पट्ट्यांनी बाहेर सोडायची. मोठ्या स्टेजवर एवढासा डबा पुरायचा नाही, त्याला मी युक्ती काढली. डबा खुर्चीवर जरा मागे कलता ठेवायचा म्हणजे वाजवणाऱ्याला आपलं वाजवणं ऐकू येतं, आणि डब्याच्या तोंडाशी माझा मायक्रोफोन. तिथून पुढे लोकांपर्यंत न्यायचं काम माझे भोंगे करायचे. फ्रान्सिसचा डबा पाहून आणखी सात-आठ जणांनी करून घेतले. 'शिकलगारचा डबा' असं नावच पडलं.

एके दिवशी दुपारी, पहिली पाळी सुटल्यावर, केरबा मोरे आले. पन्नाशीचे, रुंद हाडाचे, खांद्यावर टॉवेल. बरोबर एकोणीस-वीस वर्षांची मुलगी, तिच्या हातात कापडात गुंडाळलेली गिटार. फोर्ज शॉपमध्ये लालभडक लोखंडावर हॅमर पडतो तेव्हा बाहेरच्या रस्त्यावरची धूळ उडते. केरबा त्या हॅमरपाशी बारा वर्षं उभे होते. जमीन कंपन्यांसाठी गेली आणि तिच्या बदल्यात नोकरी आली ती ही. कानात घालायला कापूस, तोही घरून आणलेला. पहिल्या पाच वर्षांत कान गेले.

बहिरा माणूस बोलतो तसे ते मोठ्यानं बोलले. "तुमीच का आवाजाचा डबा करता?"

मी मान हलवली.

"मग मला ऐकू यील असा करून द्या."

मी मुलीकडे पाहिलं. तिचं नाव शालन. हलक्या आवाजात तिनं सांगितलं, "चाचा, मी चिंचवडला क्लासमध्ये हवाईयन गिटार शिकते. एक मेला कंपनीत कामगारांचा कार्यक्रम आहे. मी वाजवावं असं युनियनवाले म्हणतात. आबा नको म्हणतात."

हवाईयन गिटार मांडीवर आडवी घेऊन वाजवतात. डाव्या हातात पोलादाची कांडी, ती तारांवरून सरकवायची. त्यामुळे सूर एकातून दुसऱ्यात ओघळत जातो, गळ्यातून निघाल्यासारखा.

केरबांनी आमचे चेहरे पाहून विषय ओळखला. "सगळे म्हंत्यात, केरबा, पोरगी झ्याक वाजवती. माझ्या त्वांडावर वंगाळ कोण म्हणंल? उद्या दोन हजार माणसांम्होरं बसली आन् लोकं हसली, तर मला कळायचं बी न्हाई. म्या आपला टाळ्या वाजवीत बसायचा. म्हून म्या एकदा ऐकणार. मग ठरीवनार."

मी तेव्हा बेतास बात शहाणा होतो. बहिऱ्याला काय, आवाज मोठा केला की झालं, असं मला वाटलं. दुकानातला सगळ्यात मोठा अ‍ॅम्प्लिफायर काढला, त्याला गिटार जोडली, भोंगा केरबांच्या कानापासून हातभर अंतरावर धरला. शालननं एक सूर लावला. समोरच्या हॉटेलातली माणसं बाहेर आली. केरबांनी डोळे घट्ट मिटले आणि भोंगा हातानं बाजूला सारला.

"दुखतंय. ऐकू न्हाई आलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाटीवर खडूनं लिहिलं, 'माफ करा. हे माझ्याच्यानं होणार नाही.' ते चौथीपर्यंत शिकलेले होते. सावकाश वाचलं, मान हलवली आणि उठायला म्हणून शेजारच्या बाकावरच्या डब्यावर हात टेकला. कुणीतरी दुरुस्तीला टाकलेला माझाच छोटा डबा होता तो. शालननं गिटार आता त्यालाच जोडली होती आणि जाडी तार जुळवत होती. जाता जाता आपलं काहीतरी करत राहावं तसं.

केरबा अर्धे उठलेले तसेच थांबले.

मग हळूच खाली बसले. तळवा सपाट केला. शालनला खुणेनं म्हणाले, पुन्हा. तिनं तीच तार पुन्हा छेडली. कांडी सरकवत सूर वर नेला. केरबांचा दुसरा हात आपोआप हवेत वर गेला, सुराबरोबर. तिनं सूर खाली आणला. हात खाली आला.

"हितं हाय," केरबा म्हणाले. आवाज एकदम बारीक झाला होता. "ए शाले, हितं हाय की गं!"

दुकानात आम्ही तिघंच होतो. शालन रडायला लागली. मी उगाच स्क्रू ड्रायव्हर शोधत राहिलो.

मागाहून समजलं की तरुणपणी ते गावच्या लेझीम पथकात ढोल वाजवायचे. कातडं ताणलंय का ढिलं पडलंय हे त्यांना हातानं कळायचं. आणि हॅमरवर बारा वर्षं काढलेला माणूस कानानं काम करतच नाही. पायाखालची जमीन हादरली की घाव नीट बसला का तिरपा, हे त्याला तळपायातून कळतं. माझ्यासारख्या कानावर जगणाऱ्याला हे कधी सुचलंच नव्हतं.

त्यांच्यासाठी मी वेगळा डबा करायला घेतला. आमच्या धंद्याचा नियम असा की बोलावं ते स्पीकरनं, डब्यानं गप्प बसावं. फळी थरथरली की आवाज फाटतो, म्हणून डबा जाड लाकडाचा आणि घट्ट करायचा. मी उलटं केलं. वरची फळी रंधून रंधून इतकी पातळ केली की टिचकी मारली तरी ती झणझणावी. स्पीकर त्या फळीच्या जवळ यावा म्हणून वर सरकवला. त्यात मागच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांना जागा उरेना, तेव्हा त्या कापून निम्म्या केल्या. हे मी चुकीचं केलं. त्या क्षणी मला स्वतःच्या हुशारीचा भारी अभिमान वाटत होता.

मग तीन आठवडे रोज पाळी सुटल्यावर बापलेक दुकानाच्या मागच्या खोलीत बसायचे. ती वाजवायची, ते डब्यावर हात ठेवून समोर पाहत राहायचे. तीन गाणी बसवली होती. एक अंगाई, एक भजन, एक सिनेमातलं. पहिल्या आठवड्यात ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात एकदा हात उचलून म्हणाले, "दुसऱ्या गाण्यात घाई करतीस. श्वास घ्याया जागा ठिव."

शालन माझ्याकडे बघतच राहिली. "चाचा, क्लासच्या बाई दोन महिने हेच सांगतायत."

दुसऱ्या एका दिवशी त्यांनी मला हाक मारली. डब्याच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हितं कायतरी ढिलं हाय." मी कान लावला, मला काही ऐकू आलं नाही. उघडून पाहिलं, तर स्पीकरचा एक स्क्रू पाव आटा सुटला होता. तीस-तीस वर्षं या धंद्यात काढलेले उस्ताद मी पाहिलेत. त्या दिवशी मी केरबांना मनातल्या मनात सलाम केला.

तिसरा आठवडा संपताना त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं आणि निकाल दिला. "वाजीव. हसायचं न्हाई कोण."

एक मेची दुपार. कार्यक्रम कॅन्टीनच्या शेडमध्ये, पहिली पाळी सुटायची आणि दुसरी भरायची त्या सुमाराला, म्हणजे दोन्ही पाळ्यांची माणसं यावीत. वर सिमेंटचे पत्रे तापलेले, शेजारी भटारखाना, आणि आत माणूस माणसाला चिकटलेलं. लाउडस्पीकरचं काम माझंच होतं. विजेचा भरवसा नव्हता म्हणून डबा मी ट्रकच्या बॅटरीवर जोडला, खुर्चीवर ठेवला, तोंडाशी मायक्रोफोन लावला. केरबांनी आधीच सांगून टाकलं होतं की ते खाली बसणार नाहीत. डब्याच्या मागे एक उपडं खोकं घेऊन ते स्टेजवर बसले, हात फळीवर. लोकांना वाटलं, डबा पडू नये म्हणून धरलाय.

पहिल्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "केरबा, तुला काय कळणार रं?" दोघं-चौघं हसले. केरबांना ते ऐकू गेलं नाही. शालनला गेलं.

अंगाई सुरू झाली. पहिल्या ओळीत शेडमधली कुजबुज थांबली, दुसऱ्या ओळीत भटारखान्यातली भांडी थांबली. फोर्जमधली, फाउंड्रीमधली, प्रेस शॉपमधली ती माणसं. तीन बोटांची, चार बोटांची, हाताला भाजल्याचे डाग असलेली. पाइनच्या खोक्यातून निघालेल्या त्या सुरापुढे लहान मुलासारखी गप्प झाली. मशीन माझं, जोडणी माझी, एकेक तार माझ्या हातची, तरीही ते माझ्या डब्यातून येतंय यावर विश्वास बसेना.

भजन अर्ध्यावर आलं आणि केरबांनी माझ्याकडे पाहिलं. तळवा फळीवरून उचलून डब्याच्या मागे नेला, आणि हॅमरवाले आपसात करतात तशी खूण केली. बोटं झटकन उघडून मिटायची. त्याचा अर्थ त्यांनीच मला कधीतरी सांगितला होता: जादा तापलंय.

मी स्टेजच्या कडेला होतो. ट्रान्झिस्टरची ही एक वाईट खोड असते. एका हद्दीपलीकडे तापला की तो जास्त करंट ओढतो, जास्त करंट ओढला की आणखी तापतो, आणि हे चक्र सुरू झालं की दोन-चार मिनिटांत संपतो. असल्या उन्हात निम्म्या पट्ट्या. चूक सरळ माझी होती. मी वाकत वाकत मागून गेलो आणि बॅटरीच्या वायरला हात घातला. बंद करण्यावाचून इलाज नव्हता.

केरबांनी माझं मनगट धरलं. नुसतं धरलं, दाबलं नाही, पण मला हात हलवता येईना. त्यांनी मानेनं नाही म्हटलं. खांद्यावरचा टॉवेल काढला, मागे ठेवलेल्या पाण्याच्या माठात बुडवला, घट्ट पिळला आणि घडी करून त्या पट्ट्यांवर दाबून धरला. वाफ आली. व्हॉल्व्हचं मशीन असतं तर ओल्या फडक्यानं माणूस जागच्या जागी गेला असता. इथं बॅटरीचा करंट, त्याची भीती नव्हती. तरी तो धातू मला बोट लावू देत नव्हता. केरबांनी तळवा ठेवला तो उचलला नाही. उजवा हात टॉवेलवर, डावा वरच्या फळीवर. टॉवेल सुकला की मी दुसरं ओलं फडकं द्यायचो. किती तापलंय, कधी बदलायचं, हे तेच ठरवत होते. लाल लोखंडाची धग नुसत्या अंदाजानं ओळखणारा माणूस, त्याला हे काय अवघड!

शालनला यातलं काही दिसत नव्हतं. तिची पाठ आमच्याकडे होती.

तिसरं गाणं सिनेमातलं. शेवटच्या कडव्यात एक लांब सूर होता, कांडी अगदी वर नेऊन थांबायचं. तिथं पोचल्यावर तिनं तो सूर असा काही हलवला, इतकं बारीक, इतकं नाजूक कंपन, की गाणं संपायच्या आत टाळ्या सुरू झाल्या. त्या थांबेचनात. मघाशी हसणारा पहिल्या रांगेतला माणूस उभा राहून टाळ्या वाजवत होता. डबा तगला होता.

नंतर स्टेजच्या मागे मी केरबांचा हात बघितला. तळव्यावर लालसर पट्टे उठले होते. ते हसले, "हे काय भाजनं हाय व्हय?" मी पाटी आणली नव्हती, म्हणून हातवारे करून विचारलं: कसं वाटलं? तो शेवटचा सूर? लोक वेडे झाले.

केरबांनी इकडंतिकडं पाहिलं. शालन बायकांच्या घोळक्यात होती. माझ्या कानाशी येऊन, त्यांना जमेल तेवढ्या हळू आवाजात ते म्हणाले, "ती घाबरली व्हती. हात कापत व्हता तिचा. रोज तिथं सूर सरळ उभा ऱ्हातो. आज कापला. पर सोडला न्हाई तिनं, धरून ठिवला."

मी त्या वेळी मान हलवली, पण मनातून मला ते पटलं नाही. दोन हजार माणसांना कंपन गोड लागलं होतं, मलाही. चार दिवसांनी शालन दुकानात आली तेव्हा मी त्या सुराविषयी सहज विचारलं. तिचा चेहरा उतरला.

"कुणाला कळलं, चाचा?"

"एकालाच."

ती बाकावर बसली. मग म्हणाली, "शेवटच्या कडव्यात समोर बघितलं आणि हातातलं बळच गेलं. कांडी सुटते की काय असं झालं होतं."

पुढे शालननं निगडीला प्राधिकरणात स्वतःचा क्लास काढला. पुष्कळ मुली तिच्या हाताखाली शिकल्या. केरबा मुदतीआधी निवृत्त झाले आणि काही वर्षांनी गेले. मला एका गोष्टीची खंत आहे. मी युनियनच्या प्रत्येक कार्यक्रमाला भोंगे लावले, भाषणं दूरवर पोचवली, पण फोर्जमधल्या माणसांच्या कानांना काहीतरी द्या, हे कुणाला सांगावंसं मला तेव्हा सुचलं नाही. आवाज वाढवणं हाच माझा धंदा होता.

कार्यक्रमानंतरच्या आठवड्यात मी डब्याला पुऱ्या मापाच्या पट्ट्या बसवल्या. तो न्यायला बापलेक आले तेव्हा मी माझ्या मनातलं बोलून टाकलं. तुमच्या हाताला लागतं ते माझ्या हाताला लागतं का, मला बघायचंय, म्हटलं. दोन्ही कानांत कापूस कोंबला, वरून मफलर बांधला, आणि फळीवर तळवा ठेवला. शालननं वाजवायला सुरुवात केली. मला फक्त थरथर लागली. सूर वर जातोय का खाली, अंगाई आहे का भजन, काही कळेना. डोळे मिटले, हात सरकवला, जोर लावला, कमी केला. नुसती मुंग्या आल्यासारखी थरथर.

मी डोळे उघडले. केरबा समोर बसून माझ्याकडे बघत होते. त्यांनी माझा हात उचलला, बोटं सैल केली, आणि पुन्हा फळीवर ठेवला, एखाद्या पोराला पाटीवर पहिलं अक्षर गिरवायला लावावं तसा. मग माझ्या कानातला कापूस काढून म्हणाले, "लागंल हळूहळू."

अजून लागलेलं नाही.